नाझ्का रेषा परग्रहवासीयांच्या नव्हेत

पेरू देशातल्या नाझ्का रेषा, म्हणजे वाळवंटात जमिनीवर काढलेल्या प्रचंड रेषा आणि आकृत्या, फक्त विमानातून दिसतात, म्हणजे त्या परग्रहवासीयांनीच काढल्या असणार, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. वाळवंटातले वरचे काळपट-तांबूस दगड बाजूला सारले की खालची फिकट माती उघडी पडते. रेष म्हणजे तेवढंच. खुंट्या, दोरी आणि चिकाटी पुरते. पाऊस जवळजवळ नाही, म्हणून दोनेक हजार वर्षं टिकल्या. पुरातत्त्वज्ञ तोरिबिओ मेहिया हेस्पे यांनी १९२७ च्या सुमारास त्या जवळच्या टेकड्यांवरूनच पाहिल्या. तिथल्या प्राचीन नाझ्का लोकांचे कष्ट परक्यांच्या नावावर टाकणं मला फार खटकतं. आजही पॅन-अमेरिकन महामार्गालगतच्या मनोऱ्यावर चढलात, तर झाड आणि हात या आकृत्या स्पष्ट दिसतात. शेजारच्या सरड्याच्या आकृतीची शेपटी मात्र याच महामार्गाने कापली.