कितवा स्लॅब पडला? स्टेशन रोडकडच्या टॉवरांमागची जुनी गोष्ट

"नववा पडला काय ओ?" असं आमच्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीत सकाळी चहाच्या गाड्यावर कुणी विचारलं की नवीन माणूस दचकतो. काय पडलं, कोण पडलं, कुणाला लागलं का? तसलं काही नसतंय. स्लॅब पडला म्हणजे काँक्रीट भरून झालं, काम एक मजला वर सरकलं. समोरच्या प्लॉटवर दीड वर्ष एक बिल्डिंग उठायलीय आणि अख्ख्या गल्लीला तिचा हिशोब तोंडपाठ आहे, स्वतःच्या पोराचे मार्क सांगताना अडखळतील पण कितव्या मजल्याचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, खोललं ते बरोबर सांगतील.

आमचे काका रिटायर झाल्यापासून गच्चीत खुर्ची टाकून हेच बघतात. कॉलमला गुंडाळलेलं गोणपाट थोडं सरकलं की खाली खडूनं नाहीतर गेरूनं तारीख लिहिलेली दिसते, कॉलम कधी भरला ती, आणि पाणी मारायचे दिवस तिथनं मोजायचे, हे मला त्यांनीच दाखवलं. स्लॅब साध्या सेंट्रिंगचा असला तर एका मजल्याला पंधरा-वीस दिवस जातात, ॲल्युमिनियमचं शटरिंग म्हणजे मायवान आणलं असेल तर आठवडा-दहा दिवसांत मजला वर. त्यामुळे कुठल्या साईटवर मायवान आहे ही आमच्याकडे मोठी बातमी असते.

पण मूळ प्रश्न असा की हे सगळं इथंच का? शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत असले टॉवर का उठत नाहीत, स्टेशन रोड, शाहूपुरी, ताराबाई पार्क, दाभोळकर कॉर्नर ते कावळा नाका ह्याच पट्ट्यात का? कावळा नाक्याला ताराराणी चौक म्हणा असं कितीही सांगितलं तरी रिक्षावाला कावळा नाकाच म्हणतो, म्हणून मी पण तेच लिहितोय. तर ह्याचं उत्तर शोधायला वर बघून उपयोग नाही, बरंच मागं जायला लागतं.

जुनं कोल्हापूर वेशीच्या आत होतं. गंगावेश, रंकाळावेश ही नावं अजून तोंडात आहेत, आणि बिंदू चौक म्हणजे जुनी रविवार वेस, तिथं सबजेलजवळ तटाचा तुकडा आजही उभा आहे. म्हणजे एके काळी गाव तिथं संपायचं, पुढं शेतं, ओढा आणि माळ. आत अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, वाडे, बोळ आणि तळी. तळ्यांचं विसरू नका. आजचं गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ, शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं, कपिलतीर्थ मार्केटच्या नावातच तीर्थ आहे. तळी बुजवून मैदानं आणि बाजार झाले, पण पाणी कुठं जाणार, त्यामुळे कोल्हापुरात खड्डा खोदायला घेतला की पहिला प्रश्न पाणी किती वर लागतंय हाच.

नगरपालिका १८५४ ची. नंतर इंग्रजी अमदानीत काळ्या दगडाच्या देखण्या इमारती आल्या, त्यातला नवा राजवाडा १८७७ ला सुरू होऊन १८८४ ला पुरा झाला, मध्ये घड्याळाचा मनोरा. आराखडा मेजर चार्ल्स मांटचा. टाऊन हॉलही त्याचाच. हा माणूस १८८१ सालीच वारला, राजवाडा पुरा झालेला बघायला राहिलाच नाही, आणि आपली गणितं चुकलीत, इमारती कोसळणार अशी भीती त्याच्या मनात बसली होती अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी देव जाणे, पण राजवाडा अजून ताठ उभा आहे आणि मला प्रत्येक स्ट्रक्चरल इंजिनिअर बघितला की मांट आठवतो.

खरी उलथापालथ रेल्वेनं केली. १८८८ ला शाहू महाराजांच्या हस्ते, तेव्हा कारभार त्यांच्या हातात यायचा होता, पोरवयातच होते, मिरज लाईनच्या कामाची सुरुवात झाली आणि १८९१ ला गाडी आली. स्टेशन कुठं, तर गावाच्या पूर्वेला, वेशीच्या बाहेर लांब. आता देऊळ एकीकडे आणि मालधक्का दुसरीकडे म्हटल्यावर व्यापार मधल्या माळावर येणारच. १८९४ ला शाहू महाराजांनी कारभार हातात घेतला आणि पुढच्याच वर्षी, १८९५ ला, गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. सरळ आखलेल्या, नंबरानं ओळखायच्या गल्ल्या, गाड्या वळतील एवढे रस्ते, गोदामाला साजेसे प्लॉट. १९०६ ला शाहू मिल निघाली आणि तिची चिमणी उभी राहिली, तिच्या भोंग्यावर निम्मं गाव घड्याळ लावायचं. पुढं लक्ष्मीपुरी झाली, राजाराम महाराजांच्या नावानं राजारामपुरी झाली, तिथंही गल्ल्यांना नंबरच. गूळ नंतर मार्केट यार्डात गेला, गोदामांची दुकानं झाली, पण रस्ते आणि प्लॉट तसेच राहिले.

हे रस्ते लक्षात ठेवा, सगळी मेख तिथंच आहे.

१९४९ ला संस्थान विलीन झालं. तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षं ह्या भागात बंगलेच, पुढं बाग, मागं विहीर, आंब्याचं झाड. फ्लॅट नावाची गोष्ट कायद्यानं नीट बसली ती १९६३ च्या ओनरशिप फ्लॅटच्या कायद्यामुळे, आणि कोल्हापूरकराच्या गळी उतरायला त्याहून जास्त वेळ लागला. आमच्या आजीचं मत होतं की ज्या घराला स्वतःची माती नाही ते घर नव्हे, ती लॉजिंग-बोर्डिंग. १९७६ ला कमाल जमीन धारणा कायदा आला, त्यात कोल्हापूरही होतं, मोठ्या मोकळ्या जागा त्या भानगडीत अडकल्या आणि २००७ ला राज्यानं तो काढून टाकेपर्यंत बऱ्याच तशाच पडून राहिल्या. त्या काळातल्या बिल्डिंगा तळमजला आणि वर तीन, फार तर चार, कारण १५ मीटरच्या वर गेलं की बिल्डिंग उंच धरली जायची आणि मग आगीचे नियम, लिफ्ट, जिने सगळंच महाग. काँक्रीट खाली मिक्सरमध्ये फिरवायचं, बायाबापड्या घमेली डोक्यावरून वर न्यायच्या, संध्याकाळी पेढे आणि चहा. आता पंपाचा पाईप आभाळात वाकलेला असतो आणि आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या रात्री अकरानंतर गल्लीत रिव्हर्स घेतात, तो पी-पी आवाज ज्यानं ऐकला त्यालाच कळणार.

आता हद्दीकडे या. १५ डिसेंबर १९७२ ला महापालिका झाली, क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि तेव्हापासून ती हद्द वाढलेलीच नाही. किती वेळा प्रस्ताव गेले, मोर्चे निघाले, आजूबाजूची गावं म्हणाली आम्हाला तुमचा घरफाळा नको, शहर म्हणालं आमचं पाणी, केएमटीच्या बस, दवाखाने वापरता की, आणि दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. २०१७ ला मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण काढलं. पण शहर कागदावर तेवढंच राहिलं, २०११ च्या जनगणनेत ५,४९,२३६ माणसं, म्हणजे चौरस किलोमीटरला आठ हजारांवर. पाचगाव, उचगाव, कळंब्याकडे घरं पसरली ती पसरलीच, पण ज्याला दुकान, दवाखाना, ऑफिस गावातच पाहिजे त्याला जागा एकच उरली, वर.

बरं, ६६ चौरस किलोमीटर सगळे तरी बांधायला आहेत का? पंचगंगा आहे ना. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये ५६. नदी लांब आहे म्हणून निवांत बसलेल्या लोकांना जयंती नाल्यानं धडा दिला, नदी फुगली की नाल्याचं पाणी मागं सरकतं आणि शहराच्या पोटात शिरतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून दिसते, रंग मारला तरी खालनं उमटते. शेजारच्या एका कॉम्प्लेक्सच्या बेसमेंटमध्ये तेव्हा गाड्या बुडाल्या होत्या. त्यामुळे आता लोक फ्लॅट घेताना किचनच्या ओट्याआधी पूररेषा विचारतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणारा. निळीच्या आत नवीन बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये करायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर. शंभर वर्षांतला पूर आम्ही दोन वर्षांत दोनदा बघितला का, असं गाड्यावर कुणीतरी विचारतंच, आणि त्याला गाड्यावर तरी कुणाकडे उत्तर नसतं.

एकीकडे नदी, चारी बाजूला हद्द, मध्ये रुंद रस्ते असलेल्या जुन्या पेठा. एवढं सगळं जमून आलेलं होतं, फक्त काडी लागायची होती, ती डिसेंबर २०२० मध्ये लागली. मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली आली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. साध्या भाषेत तिचं गणित असं की बेसिक एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधायचं तो आकडा, १.१, त्यावर पैसे भरून प्रीमियम, त्यावर टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क, त्यावर निवासीला ६० टक्के अँसिलरी म्हणजे जोडीचं जादा बांधकाम, आणि प्रीमियम-टीडीआर किती लोड करायचा हे समोरचा रस्ता किती रुंद त्यावर. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्ता असला की विषय संपला. म्हणजे १८९५ ला गुळाच्या गाड्या वळाव्यात म्हणून ठेवलेली रुंदी आज मजले ठरवतीय.

दुसरं म्हणजे साईड मार्जिन. उंचीच्या पाचव्या भागाएवढी जागा बाजूला मोकळी सोडायची. ३० मीटर जायचं तर दोन्ही बाजूंना ६-६ मीटर, म्हणजे चाळीस फुटी प्लॉट असेल तर मध्ये शेवग्याचं झाड लावायला पण जागा उरत नाही. म्हणून पेठेतल्या चिंचोळ्या वाड्यांवर टॉवर उठत नाही, आणि म्हणून ताराबाई पार्कात, शाहूपुरीत दोन-तीन बंगले एकत्र करून प्लॉट तयार केले जातात. एक भाऊ तयार, दुसरा अमेरिकेत, तिसऱ्याला विहीर बुजवायची नाही, असलं वर्षानुवर्षं चालतं आणि बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं साईट बंद पडली. त्यात उजळाईवाडीला विमानतळ, तोही राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा, म्हणून फार उंच जायचं तर विमानवाल्यांची एनओसी बघायला लागते.

बाकी दोन गोष्टी नंतर जुळल्या. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन एकदाची शहरात पोचली, म्हणजे अकराव्या मजल्यावरच्या माणसाला निदान पाण्याची आशा. आणि १७ ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, सीपीआर ह्या सरकारी दवाखान्याजवळच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, सहा जिल्ह्यांसाठी. आता सोलापूर, रत्नागिरीहून येणाऱ्या वकिलाला चेंबर पाहिजे, पक्षकाराला लॉज पाहिजे, त्यामुळे स्टेशन रोडवरचं जे ऑफिस भाड्यानं जात नव्हतं त्याचा मालक सध्या फोन उचलायला तयार नाही.

आणि बघ्यांचंही बदललंय. पूर्वी काय, गच्चीतनं मोजा नाहीतर वॉचमनला तंबाखू देऊन विचारा. १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, सुरू झाल्यावर ५०० चौरस मीटरच्या वरचा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटचा प्रोजेक्ट असला की नोंदणी सक्तीची, दर तीन महिन्यांनी कितपत काम झालं ते वेबसाईटवर टाकायचं. काका मोबाईलवर ते उघडतात, चष्मा वर करतात आणि गच्चीतनं पडताळा घेतात. एकदा एका साईटच्या कागदावर स्लॅब जास्त आणि डोळ्याला कमी दिसले. काकांनी तीन वेळा मोजलं, मला उठवून मोजायला लावलं. नाव नाही सांगत, पण पुढच्या तिमाहीत आकडा जुळला.

परवापासून अकराव्याचं स्टील बांधायला घेतलंय. पोरं सळ्या खांद्यावरून नेतात तेव्हा टोकं खालीवर हलतात आणि मागं जोतिबाचा डोंगर दिसतो, अजून तरी. सुपरवायझर म्हणाला पाऊस नसला तर शुक्रवारी रात्री पंप येईल.