फुकटच्या लहरींवरचं रडार

छपरावर अँटेना असायचा त्या काळात टीव्ही पाहिलेल्यांना आठवत असेल. वरून विमान गेलं की चित्र थरथरायचं, माणसांच्या कडेला त्यांचीच फिकट भुतं दिसायची. अँटेना हलवायला कुणी उठेपर्यंत सगळं पुन्हा जागच्या जागी. टॉवरकडून थेट येणाऱ्या लहरींमध्ये विमानावर आपटून किंचित उशिरा पोचलेल्या लहरी मिसळायच्या, त्याचा तो गोंधळ. टीव्ही नकळत विमानं टिपत होता, फक्त नोंद कुणी ठेवत नव्हतं.

नोंद ठेवली की त्याचं रडार होतं. 26 फेब्रुवारी 1935 रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी हेच केलं. बीबीसीच्या केंद्राच्या लहरी आयत्या होत्याच. शेतात रिसीव्हर मांडून त्यांनी सुमारे 13 किलोमीटरवरचं बॉम्बफेकी विमान ओळखलं. अशा रडारला पॅसिव्ह रडार म्हणतात. ते स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही, त्यामुळे ते कुठे दडलंय हे शोधणं अवघड.

आता बीबीसीच्या जागी उपग्रह आले आहेत. स्टारलिंकचे हजारो उपग्रह साधारण 550 किलोमीटर उंचीवरून 10.7 ते 12.7 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात इंटरनेट खाली पाठवतात. त्यातलं एकेक चॅनल 240 मेगाहर्ट्झ रुंद असतं, आणि खरी मेख या रुंदीत आहे. सिग्नल जितका रुंद, तितके जवळजवळचे दोन प्रतिध्वनी वेगळे ओळखता येतात. एफएम रेडिओच्या लहरी वापरल्या तर दोन वस्तू वेगळ्या ओळखायला त्यांच्यात लागणारं अंतर किलोमीटरच्या घरात जातं. इथे ते, निदान कागदावर, मीटरच्याही आत येतं.

त्यासाठी दोन अँटेना लागतात. एक उपग्रहाकडे रोखलेला, मूळ सिग्नल घ्यायला. दुसरा ज्या आकाशावर नजर ठेवायची तिकडे. मग दुसऱ्याच्या खरखरीत पहिल्याची नक्कल शोधायची: ती किती उशिरा आली (त्यावरून अंतर कळतं) आणि तिची वारंवारता किती सरकली (त्यावरून वेग). गंमत म्हणजे उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावत असल्याने त्याच्या स्वतःच्या वेगानेच वारंवारता दोन लाख हर्ट्झहून जास्त सरकू शकते. सावकाश उडणाऱ्या ड्रोनमुळे पडणारा फरक जेमतेम काहीशे हर्ट्झचा. आधी तो डोंगर बाजूला करायचा, मग खडा शोधायचा.

त्यात प्रतिध्वनी कमालीचा क्षीण. म्हणून मला यातली सर्वांत हुशार युक्ती वाटते ती प्रतिध्वनीवर न विसंबण्याची. वस्तू उपग्रह आणि रिसीव्हर यांच्या बरोबर मधे आली की थेट सिग्नलमध्ये तिची सावली पडते, आणि सावलीच्या कडांवरून वळलेल्या लहरी सिग्नलमध्ये चढउतार करतात. रडारला चकवणारी विमानं लहरी भलतीकडे परतवतात किंवा शोषून घेतात. सावलीपुढे मात्र ही दोन्ही हत्यारं बोथट. 2024 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी स्टारलिंकच्या सिग्नलवर एक लहान ड्रोन टिपल्याची बातमी आली, ती याच पद्धतीची.

पण वस्तूने उपग्रह आणि रिसीव्हर यांना जोडणारी नेमकी ती रेघ ओलांडायला हवी. शिवाय उपग्रहाचा झोत ग्राहक असतील तिकडे वळतो, आणि कोणत्या उपग्रहाने कुणाला सेवा द्यायची याची वाटणी दर 15 सेकंदांनी नव्याने होते. ड्रोन अजून हवेत असतानाच पहिल्या अँटेनाला दुसरा उपग्रह गाठावा लागतो.