शिक्रा-पावशाची चर्चा कुठे करायची: व्हॉट्सॲपवर की टेलिग्रामवर?

पाऊस तोंडावर आला की पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. करडी पाठ, छाती-पोटावर तांबूस आडवे पट्टे, शेपटीवरही पट्टे, फांदीवर बसलेला. खाली प्रश्न: 'हा शिकारी पक्षी, शिक्रा ना?' मग कोणी जाणकार वेळ काढून समजावतो. चोच बघा, शिकऱ्याची आकड्यासारखी वाकलेली असते. ही बरीचशी सरळ आहे, डोळ्याभोवती पिवळं कडंही आहे. हा पावशा, 'पेरते व्हा' म्हणणारा, कोकिळेच्या कुळातला. दिसायला शिकारी, पण खातो मुख्यतः सुरवंट आणि किडे.

उत्तर उत्तम असतं. आठवड्याभरात ते 'सुप्रभात', वाढदिवस आणि कुणाच्या तरी हरवलेल्या दुर्बिणीच्या टोपणाखाली गाडलं जातं. पुढच्या जूनमध्ये नवा सदस्य, नवा फोटो, तोच प्रश्न. इथे कोणीतरी म्हणतो, 'आपण टेलिग्रामवर जाऊ या का?' आणि दुसरा म्हणतो, 'त्यात काय फरक आहे? दोन्ही सारखेच.'

शिक्रा आणि पावशा जितके सारखे, तितकेच हे दोघे सारखे. दोन्हीकडे ग्रुप, ॲडमिन, फोटो, मतदान, 2 जीबीपर्यंतच्या फायली. फरक आहे तो संदेश राहतो कुठे, यात. व्हॉट्सॲपवर तो प्रत्येकाच्या फोनमध्ये राहतो, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

नव्या सदस्याचंच बघा. तो व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आला की त्याची पाटी कोरी. आधीची सगळी चर्चा इतरांच्या फोनमध्ये, फार तर कोणीतरी अलीकडचे चार संदेश त्याला पाठवील. टेलिग्रामवर ॲडमिनने मुभा दिली असेल तर तो पहिल्या दिवसापासूनचं सगळं वाचू शकतो. 'पावशा' असं शोधलं की त्याला तीन वर्षांपूर्वीचं उत्तरही सापडतं. शोध व्हॉट्सॲपवरही आहे, पण तो शोधणार आपल्याच फोनमध्ये. फोन बदलला आणि बॅकअप घ्यायचा राहिला, तर तेवढंही गेलं. अँड्रॉइडवर हा बॅकअप आता गूगल खात्याच्या 15 जीबीच्या फुकट जागेतच मोजला जातो, आणि पक्ष्यांचे फोटो टाकणाऱ्या ग्रुपला ती जागा भरायला वेळ लागत नाही. (शोधाबद्दल एक रड दोन्हीकडे सारखीच. अर्धे लोक 'पावशा' लिहितात, उरलेले तेच रोमन लिपीत, प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने. यावर सॉफ्टवेअरकडे औषध नाही, ॲडमिनने नाव देवनागरीत लिहायचा आग्रह धरावा.)

फोटोंचंही तसंच. व्हॉट्सॲपवर गॅलरी साफ करताना फोटो उडाला की काही काळाने तो पुन्हा उतरवता येत नाही. टेलिग्रामवर फोनमधली साठवण बिनधास्त पुसा, ग्रुपमध्ये जाऊन फोटो पुन्हा उघडता येतो. मात्र साधा फोटो पाठवला तर दोघंही तो दाबून लहान करतात. पिसांचे बारकावे दिसायला हवेत तर फाईल म्हणून पाठवावा लागतो.

आणि इथेच एक धोका आहे. फाईल म्हणून पाठवलेल्या मूळ फोटोत, कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये लोकेशन चालू असेल, तर टिपल्या जागेचे अक्षांश-रेखांश तसेच जातात. घरट्याचा फोटो असा पाठवणं म्हणजे घरट्याचा पत्ता वाटणं. दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेरे घेऊन माणसं उभी राहतात आणि पक्षी घरटं सोडण्याची भीती असते. विणीच्या काळातले घरट्यांचे फोटो ग्रुपवर नकोतच, हा नियम कुठलंही ॲप घेतलं तरी पहिला असावा.

आता सुरक्षिततेकडे. 'टेलिग्राम जास्त सुरक्षित' हा समज इतका पसरला आहे की त्याच्याशी वाद घालताना दमायला होतं. व्हॉट्सॲपवरचे ग्रुप-संदेश 2016 पासून पाठवणारा आणि घेणारे यांच्यामध्ये कुलूपबंद असतात, कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. टेलिग्रामच्या ग्रुपला असं कुलूप नाही. तिथली 'सिक्रेट चॅट' फक्त दोघांमध्ये चालते, ग्रुपसाठी ती सोयच नाही. आणि हे साहजिकच आहे: सर्व्हरवर सगळं ठेवून नव्या माणसाला तीन वर्षांपूर्वीचं उत्तर दाखवायचं, तर सर्व्हरला ते उघडता यायला हवं. शिक्रा-पावशाच्या चर्चेला कुलूप लागत नाही. पण दुर्मिळ घुबडाच्या जागेबद्दल किंवा सापळे लावणाऱ्यांबद्दल चार विश्वासू लोकांत बोलायचं असेल, तर ते बोलणं व्हॉट्सॲपवरच्या छोट्या ग्रुपमध्ये बरं. त्याहून बरं, प्रत्यक्ष भेटून.

मोबाईल नंबरच्या बाबतीत पारडं उलटं फिरतं. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये साधारणपणे प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. ओळखीच्या पंधरा जणांत त्याचं काही वाटत नाही, तीनशे अनोळखी जमले की वाटतं. विशेषतः बायकांना, कारण ग्रुपवर एक शब्द न बोलणारे काका खासगीत रोज गुलाबाचं फूल पाठवू लागतात. टेलिग्रामवर अनोळखी लोकांना नंबर मुळातच दिसत नाही, नुसत्या युजरनेमने वावरता येतं. त्या बदल्यात तिथे दुसरा उपद्रव: ग्रुपची लिंक उघडी ठेवली की 'घरबसल्या कमवा'वाले घुसतात. प्रवेशाला मंजुरी लागेल असं ठेवा, म्हणजे ॲडमिनने हो म्हटल्याशिवाय कोणी आत येणार नाही.

आकाराचा मुद्दा बहुतेकांच्या बाबतीत गैरलागू आहे. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये 1,024 माणसं मावतात, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये 2 लाख. पक्षी बघायला एवढी माणसं मिळाली तर पक्षी उरणार नाहीत. खरी अडचण गर्दीची नसून गोंगाटाची असते, आणि त्यावर दोघांनी 2022 च्या नोव्हेंबरमध्ये आपापला तोडगा काढला. व्हॉट्सॲपने कम्युनिटी आणली, म्हणजे एका छत्राखाली अनेक वेगळे ग्रुप. टेलिग्रामने एकाच ग्रुपच्या आत विषयवार कप्पे दिले. माझं मत टेलिग्रामच्या बाजूने. ओळख, नोंदी, सहली, दुर्बीण-कॅमेरा असे चार कप्पे केले की सुप्रभातवाल्यांसाठी पाचवा करून तो बंद आवाजात ठेवता येतो. कम्युनिटीत लोक 'हे कुठल्या ग्रुपवर टाकू?' विचारत बसतात आणि शेवटी सगळ्यांवर टाकतात.

ॲडमिन व्हायला घाबरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्ह्यात ओढता येत नाही, त्यासाठी दोघांचा समान हेतू दिसायला हवा, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या प्रकरणात म्हटलं आहे.

मग निवड काय करायची? पंधरा-वीस जणांचं, रविवारी सकाळी एकत्र निघणारं टोळकं असेल तर व्हॉट्सॲप सोडू नका. 'उद्या 5.30, पुलापाशी' हा निरोप सगळ्यांनी आज रात्री वाचायला हवा, आणि आपल्याकडे लोक दिवसभर उघडतात ते व्हॉट्सॲप. टेलिग्राम उतरवायला सांगितलं की निम्मे 'हो करतो' म्हणतात आणि करत नाहीत. पण ग्रुपमध्ये शिकायला येणारे अधिक असतील, दर मोसमात नवे चेहरे येत असतील, तर ओळख आणि नोंदी टेलिग्रामवर हलवा आणि सहलीचे निरोप व्हॉट्सॲपवरच राहू द्या. दोन ठिकाणं सांभाळायची कटकट आहे खरी. 'सगळं एकाच जागी' या हट्टापायी जुने, जाणते पण ॲपला कंटाळलेले सदस्य गमावण्यापेक्षा ती परवडते.

हलवायचंच असेल तर 5 नोव्हेंबरच्या आधी. 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला. त्या आठवड्यात शाळा-कॉलेजांतून नवी मंडळी हमखास येतात. आणि टेलिग्रामवर नवा खासगी ग्रुप काढलात की आधी सेटिंगमध्ये जाऊन नव्या सदस्यांना जुने संदेश दिसण्याची मुभा चालू करा. ती आपोआप चालू नसते, आणि ती राहिली तर पावशाचं उत्तर पुन्हा नव्याने लिहावं लागेल.