ब्रेगे क्रमांक १६०: राणीच्या हाती कधीच न आलेलं घड्याळ

जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध खिशातलं घड्याळ, ब्रेगे क्रमांक १६०, 'मारी आंत्वानेत' या नावाने ओळखलं जातं. फ्रान्सच्या या राणीने मात्र ते कधी पाहिलंसुद्धा नाही. माझ्या मते या घड्याळावर खरा हक्क तिच्यानंतरच्या काही माणसांचा आहे.

१७८३ मध्ये पॅरिसमधले घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांच्या कार्यशाळेत एक मागणी आली. ती राणीच्या रक्षकदलातल्या एका अधिकाऱ्याने नोंदवली, असं परंपरेने सांगितलं जातं. मागणी अशी की, त्या काळी घड्याळात जे जे करता येत होतं ते सगळं या एकाच घड्याळात हवं आणि शक्य तिथे इतर धातूंऐवजी सोनं वापरावं. वेळेची आणि पैशाची मर्यादा नाही! कोणत्याही कारागिराला हेवा वाटावा अशीच ही मागणी होती. राणी ब्रेगेची जुनी गिऱ्हाईक होती. खिशात वागवताना आपोआप किल्ली भरली जाणारं त्याचं एक घड्याळ तिने आधीच घेतलेलं होतं.

पण पुढच्या दहा वर्षांत राज्यक्रांतीने फ्रान्सच उलटापालटा झाला. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी राणीचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षी ब्रेगेला जीव वाचवण्यासाठी मायभूमी स्वित्झर्लंड गाठावी लागली. १७९५ मध्ये तो परतला आणि जिच्यासाठी मागणी आली होती ती हयात नसतानाही पुढे हे घड्याळ घडत राहिलं. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वांत भारावून टाकते. १८२३ मध्ये ब्रेगे वारला आणि १८२७ मध्ये त्याचा मुलगा आंत्वान-लुई याच्या काळात घड्याळ पुरं झालं. मागणीपासून ४४ वर्षांनी.

त्यात ८२३ भाग आहेत. कळ दाबली की तास, पाव तास आणि मिनिटं टोल्यांनी ऐकवतं, म्हणजे अंधारातही वेळ कळते. लीप वर्ष धरून तारीख, वार, महिना दाखवतं. तापमापक आहे, किल्ली किती उरली हे सांगणारा काटा आहे. आणखी एक काटा सूर्याची वेळ व घड्याळाची वेळ यांतला फरक दाखवतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला, म्हणून सूर्य रोज बरोबर बाराला डोक्यावर येत नाही. वर्षभरात हा फरक कमीजास्त होत १६ मिनिटांपर्यंत जातो. तो हिशेब दातेरी चाकांत बसवणं म्हणजे आकाशाचं गणित सुमारे सहा सेंटिमीटरच्या तबकडीत उतरवणं. तबकडी स्फटिकाची असल्याने आतली यंत्रणा बाहेरून दिसते.

पहिला ज्ञात मालक मार्की द ला ग्रॉय. त्याचं घड्याळ दुरुस्तीला आल्याची नोंद १८३८ सालची आहे. ते परत न्यायला कुणीच आलं नाही, आणि घड्याळ पुन्हा ब्रेगे कंपनीकडेच पडून राहिलं. १८८७ मध्ये कंपनीने ते सर स्पेन्सर ब्रंटन या इंग्रज संग्राहकाला विकलं. नंतर एकदोन हात बदलून ते लंडनच्या एका घड्याळजीकडे आलं.

१९१७ मध्ये ते सर डेव्हिड लायनेल सॉलोमन्स यांनी घेतलं. हा माणूस केवळ पैसेवाला हौशी नव्हता. विजेवर प्रयोग करणारा, मोटारींचा पुरस्कर्ता, १८९५ मध्ये टनब्रिज वेल्सला ब्रिटनमधलं पहिलं मोटार प्रदर्शन भरवणारा हा अभियंता. यंत्र उघडून समजून घेणारा मालक या घड्याळाला पहिल्यांदाच लाभला, असं मला वाटतं. त्यांनी ब्रेगेची शंभराहून अधिक घड्याळं जमवली आणि १९२१ मध्ये ब्रेगेवर ग्रंथ लिहिला. १९२५ मध्ये ते गेले आणि क्रमांक १६० सह संग्रहाचा मोठा भाग मुलगी व्हेरा हिच्याकडे आला.

व्हेराने जे केलं ते कुणालाही सहज सुचलं नसतं. जेरुसलेममध्ये या ज्यू बाईने इस्लामी कलेचं संग्रहालय उभारायचं ठरवलं. त्याला नाव दिलं आपले शिक्षक, इस्लामी कलेचे अभ्यासक प्राध्यापक लिओ मेयर यांचं. १९६९ मध्ये ती वारली आणि १९७४ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. वडिलांची घड्याळंही तिथेच ठेवली गेली.

१५ एप्रिल १९८३ च्या रात्री ही घड्याळं चोरीला गेली, एकूण १०६ नग. चोर नामान डिलर एकटाच होता. गज फाकवून तो खिडकीतून आत शिरला होता. एवढं नामांकित घड्याळ उघडपणे विकता येणं शक्यच नव्हतं. तेवीस वर्षं पोलिसांच्या हाती काही लागलं नाही. २००४ मध्ये डिलर वारला. मरणापूर्वी त्याने बायकोला सगळं सांगितलं होतं. २००६ मध्ये एका वकिलामार्फत ३९ नग संग्रहालयाकडे परत आले. त्यांत क्रमांक १६० होतं!

ही बातमी २००७ मध्ये जाहीर झाली. मूळ घड्याळ कायमचं गेलं असं समजून ब्रेगे कंपनीचे तेव्हाचे प्रमुख निकोलस हायेक यांनी २००५ मध्येच जुन्या नोंदी आणि रेखाचित्रांवरून हुबेहूब प्रतिकृती करायला घेतली होती. ती २००८ मध्ये तयार झाली. तिची पेटी व्हर्साय राजवाड्याच्या बागेत तोडाव्या लागलेल्या एका जुन्या ओकच्या लाकडाची आहे. त्याच वर्षी फ्रान्समधल्या तिजोऱ्यांतून चोरीचे आणखी ४३ नग सापडले. इतर काही धरून १०६ पैकी आता ९६ हाती आले आहेत.