तेच इंजिन, कुणाचं तीन लाख तर कुणाचं सव्वा लाख

‘इंजिन अजून खोललेलं नाही’ हे वाक्य जुन्या डिझेल गाडीचे मालक मोठ्या रुबाबात म्हणतात. फियाटच्या १.३ मल्टिजेट इंजिनाबद्दल ते फार ऐकू येतं. १२४८ सीसीचं हे इंजिन २००३ मध्ये युरोपात आलं, २००७ मध्ये मारुती स्विफ्टमधून आपल्याकडे घरोघर पोचलं आणि पुढे डिझायर, इंडिका व्हिस्टा, लिनिया, पुंटो, अर्टिगा अशा कितीतरी गाड्यांच्या बॉनेटखाली बसलं. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं, फियाट-टाटांच्या गाड्यांसाठी पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि भारतातल्या नव्या मोटारींतून ते गेलं.

इंजिन एकच, पण मालकांच्या हकिकती जुळत नाहीत. टूरवर गाडी चालवणारा सांगतो, तीन लाख किलोमीटर झाले, काही त्रास नाही. घर ते ऑफिस एवढंच करणाऱ्याला सव्वा लाख किलोमीटरलाच टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) आणि टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी) यांचा खर्च आलेला असतो. मग ‘नशीब’ किंवा ‘पीस खराब निघाला’ असं म्हणून विषय संपवतात. मला ते पटत नाही.

मुळात आपण मोजतोच चुकीचं. इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत, ते फक्त किती तास फिरलं आणि किती वेळा थंड असताना सुरू झालं एवढंच त्याच्या वाट्याला येतं. हायवेवर ताशी सरासरी ६० किलोमीटरने ३ लाख किलोमीटर म्हणजे ५,००० तास. शहरात सिग्नल-ट्रॅफिक धरून सरासरी २० पडली, तर १ लाखातच ५,००० तास भरतात. म्हणजे शहरातली लाखाची गाडी आणि हायवेवरची तीन लाखांची गाडी एकाच वयाच्या! ऑइलचंही तसंच. दर १०,००० किलोमीटरला बदललेलं ऑइल हायवेवर १६७ तास राबतं, शहरात ५००.

आणि डिझेलमध्ये ऑइलचे हाल जरा जास्तच होतात. इंधन दाबलेल्या गरम हवेत फवारलं जातं, ते सगळीकडे सारखं मिसळत नाही, त्यामुळे काजळी तयार होते. त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते. नवीन ऑइल काही दिवसांतच काळं दिसतं ते यामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काजळीचे कण बारीक ठेवणं हे ऑइलमधल्या रसायनांचं काम असतं. ती रसायनं संपली की कण एकत्र येतात, ऑइल दाट होतं आणि पत्रा घासावा तसे ते कण धातू घासू लागतात.

या इंजिनात ऑइल अवघं तीन लिटरच्या आसपास मावतं, आणि कामं बरीच. बेअरिंगं, टर्बो आणि चेनचा ताण धरून ठेवणारा टेन्शनर, सगळे त्याच्यावर अवलंबून. काही इंजिनांत चेनच्या जागी रबरी बेल्ट असतो, त्याच्यासारखी चेनला ठरावीक बदली नसते, म्हणून ती आयुष्यभराची असा समज पसरला. प्रत्यक्षात तिच्या प्रत्येक सांध्यातली पिन काजळीने कणाकणाने झिजते, ही झीज बेरजेत जमते आणि चेन लांब होते. पार दात सोडले तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. युरोपात याच इंजिनाच्या काही गाड्यांना ३०,००० किलोमीटरपर्यंत ऑइल बदलू नका असं सांगितलेलं होतं आणि चेनच्या तक्रारीही तिथे बऱ्याच. मला यात योगायोग दिसत नाही.

टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. घाट चढून आल्याआल्या किल्ली फिरवली की पंप थांबतो, थर जातो, उरलेलं ऑइल तिथेच करपतं. जुने ड्रायव्हर गाडी बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट सुरू ठेवतात, ते अगदी बरोबर करतात.

इंजेक्टरचं, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागाचं, दुखणं निराळं. हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त दाबाने, एका फेऱ्यात पाचपर्यंत फवारे मारणाऱ्या या यंत्रणेला डिझेलच वंगण पुरवतं. त्यात पाणी आलं की वंगण गेलं. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायला दोन मिनिटं लागतात, पण गॅरेजवाल्याला आपण सांगितल्याशिवाय ते सहसा होत नाही.

हकिकती ऐकताना एक लक्षात ठेवावं: ज्याचं इंजिन दीड लाखात बसलं त्याने गाडी कधीच विकली, त्यामुळे तीन लाखांच्या गप्पांत तो नसतो.

म्हणून हे इंजिन असलेली सेकंडहँड गाडी घेताना मीटरपेक्षा सर्व्हिसची बिलं बघा, ऑइल किती दिवसांनी बदललंय ते तारखांवरून काढा. गाडी सकाळी बघायला जा, रात्रभर उभी असलेली. सेल्फ मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद कान द्या. टेन्शनरपर्यंत ऑइल पोचायच्या आत सैल चेन खडखडते, आणि एकदा ऑइल पोचलं की तो आवाज सहसा दबतो. मालकाने तुम्ही येण्याआधीच गाडी ‘जरा गरम करून’ ठेवली असेल, तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता परत जा.