बिअर्डेड ड्रॅगनची पेटी घरी नेल्यावर

पेटी घरी पोचली की बिअर्डीला, म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याला, लगेच आत सोडू नका. आधी दोन दिवस ती रिकामीच चालवा. सकाळी दिवे लावा, रात्री बंद करा, तापमान लिहून ठेवा. कडांना लावलेल्या सिलिकॉनचा आंबूस वास राहिला असेल तर दारं उघडी ठेवून आणखी एक दिवस जाऊ द्या. पिल्लू आधीच घरात आलं असेल तर एवढे दिवस त्याला जुन्याच जागी राहू दे.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. सकाळी खडकावर चढून अंग तापवायचं आणि पुरेसं तापलं की सावलीत सरकायचं, असा त्याचा दिवस. म्हणून तर पूर्ण वाढलेल्या बिअर्डीसाठी आम्ही ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच यापेक्षा लहान पेटी बनवत नाही. लांबी कमी पडली की दोन्ही टोकं सारखीच तापतात आणि त्याला सरकायला जागाच उरत नाही.

उष्णता

उजव्या कोपऱ्यातल्या चिनीमातीच्या होल्डरमध्ये हॅलोजन बल्ब बसवा. प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो, तो वापरू नका. बल्बखालच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवा, डावं टोक २४ ते २७. काचेला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो, तेही अंदाजे. सोबत दिलेल्या डिजिटल मीटरची वायर थेट दगडावर टेकवा. आकडा जास्त आला तर दगड खाली घ्या किंवा कमी वॅटचा बल्ब लावा.

दिव्याखाली बसून तोंड उघडं ठेवलं तर घाबरू नका, जास्तीची उष्णता तो अशीच बाहेर टाकतो. पण थंड टोकाला जाऊनही तोंड उघडंच असेल तर सगळी पेटी तापली आहे. बल्ब ताबडतोब बंद करा.

यूव्हीबी ट्यूब

ही ट्यूब उन्हातल्यासारखे यूव्हीबी (अतिनील) किरण देते. सुरुवातीच्या काळात एका पेटीत आम्ही ती वरच्या काचेच्या बाहेरून बसवली होती. दिसायला छान दिसत होती. दोनेक महिन्यांनी ग्राहकाचा फोन आला: पिल्लू चालताना पोट उचलत नाही, पायाची बोटं थरथरतात. डॉक्टरांनी जबडा चाचपला तर तो रबरासारखा मऊ लागला. काच यूव्हीबी किरण अडवते. ते अंगावर पडले नाहीत तर शरीरात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि मग खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. ती चूक आमची होती. तेव्हापासून आम्ही ट्यूब आतच बसवतो, दगडापासून साधारण ३० ते ३८ सेंटिमीटरवर. ती जागा बदलू नका. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचाही याच कारणाने उपयोग नाही.

पुण्याचे तीन ऋतू

तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट एकदा लावला की वर्षभर निश्चिंत, असं पुण्यात होत नाही. मे महिन्यात लोहगावला पारा चाळिशी ओलांडतो आणि वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळपर्यंत तापलेली असते. थंड टोक ३२ च्या वर गेलं तर दुपारचा हॅलोजन बंद ठेवा, यूव्हीबी मात्र चालू राहू दे. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः पाषाणकडे, पहाटेचा गारठा चांगलाच असतो. पेटी रात्री १८ अंशांच्या खाली जाऊ लागली तर थर्मोस्टॅटला जोडलेला सिरॅमिक हीटर लावा. त्याचा उजेड पडत नाही. रात्री लाल बल्ब नको, बिअर्डीला पूर्ण अंधार हवा.

पावसाळा सगळ्यात कठीण. पेटीतली आर्द्रता ३० ते ४० टक्के असावी, बाहेर ती कितीतरी जास्त असते. आम्ही थंड बाजूला खाली आणि गरम बाजूला वर जाळी ठेवली आहे, म्हणजे गार हवा खालून शिरते आणि तापून वरून बाहेर पडते. गारठा वाटतो म्हणून तिथे वर्तमानपत्र लावू नका. पाण्याची वाटी लहान, आणि थंड टोकालाच. नाकाशी बुडबुडे दिसले किंवा श्वासाला आवाज येऊ लागला तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे लगेच न्या.

तळाला आणि आत

वाळू टाकू नका. पिल्लं किड्याबरोबर वाळूही गिळतात आणि आतडं तुंबतं. आम्ही शहाबादी फरशी बसवून देतो. खरखरीत असल्याने पाय घसरत नाहीत, नखं आपोआप झिजतात, आणि पुसायला ओलं फडकं पुरतं. फांदी पेरूची घ्या, गरम पाण्याने घासून कडक उन्हात वाळवा. कण्हेरीची फांदी विषारी, ती नकोच. विजेवर तापणारे कृत्रिम दगड बाजारात मिळतात, त्यांनी पोट भाजतं.

पेटी कमरेच्या उंचीवर ठेवा. बिअर्डीच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका दिसेल. तो त्याचा तिसरा डोळा, वरून पडणारी सावली ओळखणारा. जमिनीवरच्या पेटीत वरून हात गेला की त्याला शिकारी पक्षी आल्यासारखं वाटतं.

एका पेटीत एकच. नर आणि मादीही एकत्र नको.

पेटीच्या मागे कोरं लेबल आहे. ट्यूब पहिल्यांदा लावाल त्या दिवसाची तारीख त्यावर लिहा. १२ महिन्यांनी ट्यूब उजेड देत असली तरी यूव्हीबी बरंच घटलेलं असतं, तेव्हा लेबलवरची तारीख सांगून आमच्याकडून नवी घेऊन जा. ती बसवायला आम्ही घरी येतो.