विजयाची आशा नसलेले उमेदवार : अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील तिसऱ्या पक्षांची पार्श्वभूमी

अमेरिकेत १८४४ साली झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स पोल्क यांनी न्यूयॉर्क राज्यात तेव्हाच्या दुसऱ्या मोठ्या पक्षाचे, म्हणजे व्हिग पक्षाचे हेन्री क्ले यांच्यावर सुमारे पाच हजार मतांनी मात केली. त्याच राज्यात लिबर्टी पार्टी या छोट्या गुलामगिरीविरोधी पक्षाचे उमेदवार जेम्स बर्नी यांना पंधरा हजारांहून अधिक मते पडली होती. न्यूयॉर्कची ३६ निर्वाचक मते (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या, राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींची मते) क्ले यांच्या पारड्यात पडली असती, तर एकूण निकाल १४१ विरुद्ध १३४ असा लागून राष्ट्राध्यक्षपद त्यांना मिळाले असते. पोल्क हे टेक्सास अमेरिकेत विलीन करून घेण्याचे उघड पुरस्कर्ते होते आणि टेक्सासमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती. क्ले स्वतः गुलाम बाळगणारे असले, तरी विलीनीकरणाबाबत त्यांची भूमिका निदान सावध होती. म्हणजे गुलामगिरीला सर्वांत ठाम विरोध करणाऱ्यांची मते गुलामगिरीचा प्रदेश वाढवू पाहणाऱ्या उमेदवाराच्या पथ्यावर पडली.

तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराने ‘मते खाल्ली’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बहुधा २००० सालच्या फ्लोरिडाचा दाखला दिला जातो; तेथे ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांच्यामुळे डेमोक्रॅटिक उमेदवार हरले, असे सांगितले जाते. मला मात्र १८४४ चे उदाहरण अधिक बोलके वाटते, कारण त्यात अशा उमेदवारीची किंमत आणि तिचे फळ या दोन्ही गोष्टी दिसतात. बर्नी यांचा जन्म केंटकीतील गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात झाला होता. पुढे त्यांनी आपल्या ताब्यातील गुलामांना मुक्त केले आणि सिनसिनाटीत गुलामगिरीविरोधी वृत्तपत्र काढले. तेथील जमावाने १८३६ मध्ये त्यांच्या छापखान्याची मोडतोड केली. १८४० च्या निवडणुकीत त्यांना साऱ्या देशातून जेमतेम सात हजार मते मिळाली होती. अशा माणसाला आपण निवडून येऊ असा भ्रम असणे शक्य नव्हते. दोन्ही मोठ्या पक्षांना उत्तरेतील आणि दक्षिणेतील मतदार एकाच वेळी सांभाळायचे असल्यामुळे ते गुलामगिरीचा विषय काढणारच नाहीत, तेव्हा तो मतपेटीच्या मार्गाने पुढे आणावा, हा त्यांच्या सहकाऱ्यांचा हेतू होता.

पोल्क यांच्या विजयानंतर टेक्सासचे विलीनीकरण झाले, १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले आणि त्यात जिंकलेल्या विस्तीर्ण प्रदेशात गुलामगिरीला मुभा द्यायची की नाही, हा प्रश्न कोणालाच टाळता येईना. १८४८ मध्ये नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू नये असे मानणाऱ्या फ्री सॉइल पार्टीने माजी राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांना उभे केले आणि त्यांना सुमारे दहा टक्के मते मिळाली. लिबर्टी पार्टीतील बहुतेक कार्यकर्ते तोवर या नव्या पक्षात आले होते. व्हिग पक्ष फुटला, १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि १८६० च्या चौरंगी लढतीत अब्राहम लिंकन ३९.८ टक्के मतांवर निवडून आले. अमेरिकेतील ज्या सत्प्रवृत्त लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, त्यांच्यात हरणाऱ्या उमेदवाराला जाणूनबुजून मत देणारी ही माणसेही होती.

अमेरिकेत तिसरा उमेदवार निवडून का येत नाही, याचे मुख्य कारण तेथील निवडणुकीच्या रचनेत आहे. राष्ट्राध्यक्षाची निवड थेट मतदारांकडून होत नाही, तर राज्याराज्यांतून निवडल्या जाणाऱ्या निर्वाचकांकडून होते. आज त्यांची संख्या ५३८ असून विजयासाठी २७० मते लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता इतर सर्वत्र ज्या उमेदवाराला राज्यात सर्वाधिक मते मिळतात, त्यालाच त्या राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात. त्यामुळे देशभर सारख्या प्रमाणात विखुरलेल्या मतांचा उपयोग शून्य ठरतो, तर एका भागात एकवटलेली थोडी मतेही मोजली जातात. १९४८ मध्ये दक्षिणेतील वर्णभेदवाद्यांचे उमेदवार स्ट्रॉम थर्मंड आणि डाव्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचे हेन्री वॉलेस या दोघांनाही देशभरात प्रत्येकी सुमारे २.४ टक्के मते मिळाली, पण थर्मंड यांच्या पदरात ३९ निर्वाचक मते पडली आणि वॉलेस यांना एकही मिळाले नाही. कोणालाच बहुमत न मिळाल्यास निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तेथे प्रत्येक राज्याला, ते लहान असो वा मोठे, एकच मत असते. १८२४ मध्ये असेच घडले. सर्वाधिक, म्हणजे ९९ निर्वाचक मते मिळवणारे अँड्र्यू जॅक्सन बाजूला राहिले आणि ८४ मतांचे जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष झाले. ही वाट पुढे पुन्हा वापरली गेली नाही, परंतु तिचा हिशेब मांडणारे उमेदवार नंतरही झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिलेला पीपल्स पार्टी अर्थात पॉप्युलिस्ट पक्ष हा शेतकऱ्यांचा पक्ष होता. शेतमालाचे भाव वर्षानुवर्षे उतरत होते, चलनाच्या टंचाईमुळे कर्जाचा बोजा प्रत्यक्षात वाढत होता आणि रेल्वे कंपन्या मालवाहतुकीचे दर मनमानीने ठरवत होत्या. ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा येथे स्वीकारलेल्या जाहीरनाम्यात या पक्षाने चढत्या दराचा प्राप्तिकर, रेल्वेची सरकारी मालकी, चलन वाढावे म्हणून चांदीच्या नाण्यांची मुक्त टांकणी या मागण्या मांडल्या. सिनेटरांची थेट लोकांकडून निवड आणि गुप्त मतदान यांचाही ठरावांत समावेश होता. त्या वर्षी पक्षाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून अधिक मते आणि २२ निर्वाचक मते मिळाली. हा जोर पाहून डेमोक्रॅटिक पक्षाने १८९६ मध्ये चांदीच्या प्रश्नावर शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना उमेदवारी दिली. पॉप्युलिस्टांनीही त्यांनाच आपला उमेदवार मानले, ब्रायन हरले आणि पॉप्युलिस्ट पक्ष त्या पराभवातून पुन्हा उठला नाही. मात्र प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी १९१३ मध्ये घटनादुरुस्तीने प्रत्यक्षात आल्या. तोवर पक्ष नावापुरताही उरला नव्हता, आणि ज्यांनी त्यासाठी गावोगाव सभा घेतल्या होत्या, त्यांच्यापैकी अनेकांना या यशाचे श्रेय कधीच मिळाले नाही. तिसऱ्या पक्षांच्या इतिहासातील ही गोष्ट मला सर्वांत चटका लावणारी वाटते.

याच काळात तिसऱ्या पक्षांची वाट एका चांगल्या सुधारणेमुळे अरुंद झाली. पूर्वी मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्ष आपापल्या छापील चिठ्ठ्या वाटत आणि मतदार त्या पेटीत टाकत. १८६० मध्ये दक्षिणेतील अनेक राज्यांत लिंकन यांना एकही मत न मिळण्याचे कारण हेच होते, कारण तेथे त्यांच्या नावाची चिठ्ठी छापून वाटणारे कोणी नव्हते. १८८८ पासून, प्रथम मॅसॅच्युसेट्समध्ये आणि नंतर भराभर इतरत्र, सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका आली. मतांची खरेदी आणि मालकवर्गाची दडपशाही यांना त्यामुळे आळा बसला. परंतु सरकार मतपत्रिका छापणार म्हटल्यावर तिच्यावर कोणाचे नाव छापायचे हेही सरकारने ठरवणे आले, आणि राज्यांची कायदेमंडळे दोन मोठ्या पक्षांच्या हाती असल्याने सह्यांच्या, मुदतीच्या आणि किमान मतांच्या अटी त्यांनीच घातल्या. एकाच उमेदवाराचे नाव दोन पक्षांतर्फे छापण्यास बहुतेक राज्यांनी बंदी केली, त्यामुळे छोट्या पक्षाने मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला आपल्या चिन्हाखाली पाठिंबा देऊन स्वतःचे बळ दाखवण्याचा मार्ग बंद झाला. १९६८ पर्यंत ओहायो राज्यात नव्या पक्षाला मतपत्रिकेवर येण्यासाठी चार लाखांहून अधिक सह्या गोळा कराव्या लागत. सर्वोच्च न्यायालयाने ती अट त्या वर्षी रद्द केली.

मोठ्या पक्षातील फुटीतून उभा राहणारा उमेदवार वेगळ्या जातीचा असतो, कारण त्याला जिंकायचे असते. १९१२ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुका झालेल्या १२ राज्यांपैकी नऊ राज्ये जिंकूनही पक्षाच्या अधिवेशनाने विद्यमान राष्ट्राध्यक्ष विल्यम टॅफ्ट यांनाच उमेदवारी दिली. रूझवेल्ट यांनी प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला आणि २७.४ टक्के मते व ८८ निर्वाचक मते मिळवून टॅफ्ट यांना तिसऱ्या क्रमांकावर ढकलले. ४१.८ टक्के मतांवर वुड्रो विल्सन यांना तब्बल ४३५ निर्वाचक मते मिळाली. स्त्रियांचा मताधिकार, आठ तासांचा कामाचा दिवस आणि सामाजिक विमा या रूझवेल्ट यांच्या जाहीरनाम्यातील मागण्यांपैकी अनेक पुढील पंचवीस वर्षांत कायद्यात आल्या. त्याच निवडणुकीत सहा टक्के मते मिळवणारे समाजवादी नेते यूजीन डेब्स १९२० मध्ये युद्धविरोधी भाषणाबद्दल अटलांटाच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते; तेथूनच त्यांनी निवडणूक लढवली आणि त्यांना नऊ लाखांहून अधिक मते पडली. त्यांच्या दृष्टीने उमेदवारी हे कामगारांपर्यंत पोहोचण्याचे साधन होते.

जॉर्ज वॉलेस यांचा हिशेब निराळा होता. अलाबामाचे हे माजी गव्हर्नर वर्णभेदाचे देशातील सर्वांत प्रसिद्ध समर्थक होते. १९६८ मध्ये दोन्ही मोठ्या उमेदवारांना बहुमतापासून रोखायचे आणि मग आपल्या निर्वाचकांच्या बदल्यात नागरी हक्कांच्या अंमलबजावणीवर सौदा करायचा, हा त्यांचा बेत उघड होता. त्यांनी दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली, १३.५ टक्के मते आणि ४६ निर्वाचक मते मिळवली, पण रिचर्ड निक्सन यांना ३०१ निर्वाचक मते मिळाल्याने सौद्याची वेळ आली नाही. या निवडणुकीने हादरलेल्या प्रतिनिधिगृहाने निर्वाचक पद्धत रद्द करून थेट निवडणूक आणणारी घटनादुरुस्ती सप्टेंबर १९६९ मध्ये ३३८ विरुद्ध ७० मतांनी संमत केली. सिनेटमध्ये मात्र १९७० मध्ये ती अडवून धरण्यात आली. वॉलेस यांचा पक्ष विरला, पण त्यांचे मतदार आपल्याकडे वळवणे हे पुढील अनेक वर्षे रिपब्लिकन राजकारणाचे एक सूत्र राहिले. तिसऱ्या पक्षांनी पुढे रेटलेली प्रत्येक गोष्ट न्यायाचीच होती, असे मानण्याची चूक करू नये यासाठी हे उदाहरण मी मुद्दाम देत आहे.

१९९२ मध्ये टेक्सासचे अब्जाधीश रॉस पेरो यांनी सहा कोटींहून अधिक डॉलर स्वतःच्या खिशातून खर्च केले, दूरचित्रवाणीवर अर्ध्या अर्ध्या तासाची वेळ विकत घेऊन तक्त्यांच्या आधारे सरकारी तूट समजावून सांगितली, जुलैमध्ये माघार घेतली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा रिंगणात उतरले. त्यांना १८.९ टक्के मते मिळाली आणि निर्वाचक मत एकही मिळाले नाही. त्यांच्यामुळे जॉर्ज बुश थोरले हरले असे अनेकदा सांगितले जाते, परंतु मतदानोत्तर चाचण्यांनुसार त्यांचे मतदार बुश आणि बिल क्लिंटन यांच्यात जवळजवळ सारखे विभागले गेले असते. तूट कमी करण्याचा विषय मात्र दोन्ही पक्षांना टाळता आला नाही. उमेदवारांच्या दूरचित्रवाणीवरील वादसभांमुळे पेरो यांचा जम बसला होता. १९९६ मध्ये त्यांना त्यांतून वगळण्यात आले आणि २००० पासून राष्ट्रीय मतचाचण्यांत किमान १५ टक्के पाठिंब्याची अट घातली गेली.

फ्लोरिडात २००० मध्ये रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश ५३७ मतांनी जिंकले आणि ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर यांना तेथे ९७,४८८ मते मिळाली. नेडर यांचे घोषित उद्दिष्ट देशभरात पाच टक्के मते मिळवण्याचे होते, कारण तेवढी मते मिळाल्यास पुढच्या निवडणुकीसाठी पक्षाला सरकारी निधी मिळतो, त्यांना २.७ टक्के मिळाली. त्यांच्या मतदारांपैकी बरेच जण अन्यथा घरीच बसले असते आणि त्या राज्यात इतर प्रत्येक छोट्या उमेदवारालाही ५३७ हून अधिक मते होती, हे खरे असले, तरी उरलेल्यांत डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांच्याकडे झुकणारे अधिक होते हेही चाचण्यांतून दिसते. येथे मला बर्नी आणि नेडर यांच्यात एक फरक जाणवतो. १८४४ नंतर चारच वर्षांत बर्नी यांचा विषय घेऊन अधिक मोठा पक्ष उभा राहिला. २००० नंतर डेमोक्रॅटिक पक्षाने नेडर यांच्या मतदारांच्या मागण्यांपेक्षा त्यांच्या उमेदवारीची भीती अधिक लक्षात ठेवली. २००४ मध्ये त्यांचे नाव मतपत्रिकेवर येऊ नये यासाठी अनेक राज्यांत न्यायालयीन लढाया झाल्या. मेन राज्याने दुसरी वाट धरली आणि २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपासून पसंतीक्रमाचे मतदान सुरू केले, ज्यात पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाल्यास मत पुढच्या पसंतीकडे जाते.

सौदा निकालानंतर नव्हे, तर मतदानाआधीच करता येतो, हे २०२४ मध्ये दिसले. रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष सोडून अपक्ष उमेदवारी जाहीर केली आणि राज्याराज्यांत सह्या गोळा करून नाव मतपत्रिकेवर आणले. २३ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांनी प्रचार थांबवून डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते त्यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले. मधल्या काळात न्यूयॉर्कच्या मतपत्रिकेवर आपले नाव राहावे आणि मिशिगन व विस्कॉन्सिन या अटीतटीच्या राज्यांत ते काढले जावे, अशा दोन्ही मागण्या घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दोन्ही फेटाळल्या. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये त्यांचे नाव छापलेलेच राहिले आणि माघारीनंतरही तेथील हजारो मतदारांनी त्यांनाच मत दिले.